हेन्री काउ : समान वेतनाचे संगीत



कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इंग्लंडातील एका रॉक वाद्यमंडळाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. पाश्चात्त्य स्वरलिपी आम्हांला वाचता येत नाही. जे काही समजले ते पुन्हा पुन्हा ऐकून आणि मिळेल ते वाचून समजले. आणि या मंडळाकडे आम्ही वळलो तेही सुरांमुळे नव्हे, त्यांच्या बैठकांमुळे. नेमाने सभा घेणारे, सभेत काय बोलणे झाले ते वहीत टिपून ठेवणारे, वाजविणाऱ्यापासून पेट्या उचलणाऱ्यापर्यंत सर्वांना सारखे वेतन देणारे एक वाद्यमंडळ 1970 च्या दशकात होऊन गेले असे कळले तेव्हा आम्ही कान टवकारले. सूर मागाहून आले. आणि खरे सांगावयाचे तर पहिल्या दोन-तीन वेळा ते आम्हांला मुळीच आवडले नाहीत.

मंडळाचे नाव हेन्री काउ. हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकाराच्या नावावरून हे नाव पडले असे पुष्कळांनी लिहिले, पण मंडळींनी ते नाकारले. तेव्हा ‘हेन्री नावाची गाय’ एवढाच अर्थ घेऊन आपण पुढे जाऊ.

या मंडळाची गणना ज्या पंथात होते त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. आपल्याकडे प्रोग्रेसिव्ह म्हटले की पुरोगामी विचाराचा माणूस डोळ्यांपुढे येतो. तिकडे या शब्दाचा अर्थ निराळा होता. विजेची गिटार, बेस आणि ढोलांचा संच घेऊन तीन मिनिटांचे प्रेमगीत म्हणावयाचे, ही रॉकची जुनी रीत. ती मोडून तरुण वादकांनी पंधरा-वीस मिनिटांच्या रचना करावयास घेतल्या, त्यांत अभिजात संगीतातील व जॅझमधील युक्त्या आणल्या, मात्रांची गणिते अवघड केली. 1969 साली किंग क्रिम्सन या मंडळाची पहिली तबकडी निघाली, आणि मागोमाग येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर ही नावे गाजू लागली. चार-पाच वर्षांत ही मंडळी अमेरिकेतील प्रचंड क्रीडागारे भरवू लागली. संगीत पुढे गेले होते यात शंका नाही. पण ते ज्या व्यवस्थेत तयार होत होते ती जशीच्या तशी राहिली होती : वर कंपनी, मध्ये व्यवस्थापक, मग नामांकित वादक, आणि सर्वांत खाली ट्रकमधून सामान उतरविणारा हमाल. गिरणीत यंत्र नवे आले म्हणून मालक बदलत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

हेन्री काउचे वेगळेपण येथे आहे. त्यांनी ‘पुरोगामी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे करावयाचे ठरविले. त्यांचे काय साधले आणि कोठे मोडले, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

सुरुवात 1968 साली केंब्रिज विद्यापीठात झाली. फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन हे दोघे विद्यार्थी. फ्रिथ गिटार व व्हायोलिन वाजवी. हॉजकिन्सन ऑर्गन, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. 1969 साली बेस वाजविणारा जॉन ग्रीव्हज येऊन मिळाला. ढोलवादक मात्र टिकेनात. अखेर 1971 साली ख्रिस कटलर आला आणि मंडळाला कणा मिळाला. हा कटलर विलक्षण माणूस. ढोल वाजविण्याइतकाच त्याचा हात लिहिण्यात आणि संघटना बांधण्यात चाले. आमच्या संघटनेत असा एक सेक्रेटरी असता तर आमची निम्मी दगदग वाचली असती, असे पुष्कळदा मनात येते.

लंडनला मुक्काम हलविल्यावर त्यांनी कोणा ठेकेदाराची वाट पाहिली नाही. 1972 साली वॉटफर्डच्या नाट्यगृहात युरिपिडीज या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘द बॅकी’ नाटकाला त्यांनी संगीत दिले. आपले कार्यक्रम आपणच भरवावयाचे आणि त्यांत इतर धाडसी वादकांनाही बोलवावयाचे, हाही उद्योग त्यांनी आरंभिला. मे 1973 मध्ये व्हर्जिन या तेव्हा नव्याने निघालेल्या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांचा करार झाला. त्याच महिन्यात माइक ओल्डफील्डची ‘ट्यूब्युलर बेल्स’ ही तबकडी बाजारात येऊन व्हर्जिनचे दैव उघडले. पुढे बीबीसीच्या दूरचित्रवाणीसाठी ती रचना वादकांच्या ताफ्यासह सादर झाली तेव्हा त्या ताफ्यात हेन्री काउची मंडळीही होती. ज्या कंपनीला एका तबकडीने लाखोंचा नफा दिला, तिच्याच घरात ही दुसरी, नफा न देणारी गाय बांधलेली होती.

ऑक्सफर्डशायरमध्ये ‘मॅनर’ नावाच्या जुन्या वाड्यात कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे पहिली तबकडी मुद्रित झाली : ‘लेजंड’. नावात श्लेष आहे. एका दमात म्हटले तर दंतकथा, तोडून म्हटले तर पायाचे टोक. म्हणून मुखपृष्ठावर रे स्मिथ या चित्रकाराने विणलेला मोजा रंगविला. पुढच्या दोन तबकड्यांवरही मोजाच आहे, आणि तिसऱ्या वेळचा लाल आहे. ध्वनिमुद्रण कसे करतात, यंत्रावरच्या कोणत्या कळीने काय होते, हे येथे मंडळी स्वतः शिकली. हत्यार आपल्या हाती असावे, ही कारागिराची जुनी इच्छा.

आता संगीताविषयी. येथे थोडे सावकाश जाऊ, कारण बहुतेक ऐकणारे येथेच पाठ फिरवितात.

सामान्य पाश्चात्त्य गाणे चार मात्रांच्या घरात राहते. आपल्या कानांना सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल परका नाही; तेव्हा विषम मात्रांनी आपण गांगरावे असे नाही. पण आपल्या तालाचे आवर्तन पुन्हा पुन्हा येते. सम कोठे येणार हे श्रोत्याला ठाऊक असते आणि तो मान डोलावून ती घेतो. हेन्री काउच्या रचनेत आवर्तनच टिकत नाही. समजा पाच मात्रांचा एक तुकडा आला, तर पुढचा सातांचा असेल, त्यापुढचा तिनांचा, आणि तोपर्यंत सूरही दुसऱ्या घरात गेलेला असेल. मान डोलावयास जागाच सापडत नाही. प्रथम ऐकताना वाटते की प्रत्येक जण आपापले वाजवीत आहे. चौथ्या-पाचव्या वेळी ध्यानात येते की एकही सूर सैल नाही, सर्व काही लिहिलेले आहे आणि महिनोन्‌महिने घोटलेले आहे.

दुसरी गोष्ट अशी की यात कोणी नायक नाही. रॉकमध्ये गिटारवाला पुढे येऊन दहा मिनिटे आपली करामत दाखवितो, बाकीचे त्याच्यामागे ठेका धरतात. येथे ढोल ठेका धरीत नाहीत. कटलरचे ढोल सुरावटीशी बोलतात, तिला अडवितात, कधी गप्प राहून तिला एकटी सोडतात. बेस कधी वर जाऊन मुख्य धून घेतो. फ्रिथ गिटारीवर हात न फिरविता तिच्या तारांत वस्तू अडकवून, तारांवर घासून, ठोकून आवाज काढतो. 1974 साली त्याने केवळ गिटारीची एक स्वतंत्र तबकडीच काढली. ऐकणाऱ्याला सतत विचारावे लागते की आत्ता पुढारी कोण? उत्तर असे की आत्ताचा पुढारी पुढच्या क्षणी पुढारी नसतो. लोकशाही सभेत बोलण्याची पाळी फिरावी तशी येथे सुरावट फिरते. ही उपमा आमची आहे आणि ती ताणली तर तुटेल, हे आम्ही जाणतो. पण पहिल्यांदा हे संगीत आम्हांला समजले ते या उपमेनेच.

तिसरी गोष्ट म्हणजे लिहिलेले आणि न लिहिलेले यांचा सांधा. कार्यक्रमात ते काटेकोर रचनेतून एकदम मोकळ्या, काहीही न ठरविलेल्या वादनात शिरत आणि पुन्हा रचनेत परत येत. आपल्या गायकाला बंदिशीतून विस्तारात जाणे ठाऊक आहे, पण त्याला रागाची चौकट असते. यांना ती नव्हती. चौकट एकच : दुसरा काय वाजवितो ते ऐकणे.

1973 च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक जेफ ली मंडळ सोडून गेला आणि त्याच्या जागी लिंडसे कूपर ही तरुणी आली. ती ओबो आणि बॅसून वाजवी. ओबो म्हणजे आपल्या सनईची विलायती बहीण; बॅसून तिचा उंच, खर्जातला भाऊ. रॉकच्या मंचावर बॅसून हे वाद्य तेव्हा कोणी आणीत नसे. त्याचा तो खरबरीत, किंचित हसरा आणि किंचित रडवा आवाज या संगीताला असा जमला की पुढे त्यावाचून हेन्री काउची कल्पनाच करवत नाही.

1974 ची दुसरी तबकडी ‘अनरेस्ट’, म्हणजे अस्वस्थता. स्टुडिओत गेले तेव्हा त्यांच्यापाशी एकाच बाजूपुरत्या रचना तयार होत्या. दुसरी बाजू त्यांनी तेथल्या तेथे, ऐन वेळच्या वादनाच्या फिती कापून, जोडून, वेग बदलून उभी केली. पहिल्या बाजूवर फ्रिथची ‘रुइन्स’ ही बारा मिनिटांची रचना आहे. तिच्या मात्रा आणि स्वरमेळ बांधताना त्याने फिबोनाची संख्यांचा उपयोग केला : 1, 1, 2, 3, 5, 8 अशी, मागच्या दोहोंची बेरीज पुढे नेणारी ती माळ. नवशिक्याने प्रथम हीच रचना ऐकावी असे आम्ही सुचवू. तिच्यात ढासळलेल्या गावातून चालल्यासारखी एक शांतता आहे.

त्या वर्षअखेरीस स्लॅप हॅपी नावाच्या त्रिकुटाशी त्यांची गाठ पडली. अँथनी मूर, पीटर ब्लेगव्हाड आणि जर्मन गायिका डाग्मार क्राउझे यांचे हे मंडळ लहान, गमतीदार, गोड गाणी करी. दोन मंडळे एक झाली. दोन तबकड्या झाल्या आणि एकीकरण मोडले. मूर आणि ब्लेगव्हाड गेले, क्राउझे राहिली. आमच्या क्षेत्रात दोन युनियनांच्या विलीनीकरणाचे पुष्कळदा असेच होते.

या दोहोंपैकी 1975 ची ‘इन प्रेझ ऑफ लर्निंग’ ही तबकडी महत्त्वाची. नाव ब्रेख्तच्या एका कवितेचे आहे. शिकण्याची थोरवी गाणारी ती कविता. शाळा अर्धवट सुटलेल्या आणि रात्रीच्या दिव्याखाली शिकलेल्या माणसाला हे नाव वाचून काय वाटले असेल ते सांगत नाही. तिच्यात हॉजकिन्सनची पंधरा मिनिटांची एक रचना आहे, ‘लिव्हिंग इन द हार्ट ऑफ द बीस्ट’, श्वापदाच्या काळजात राहणे. शब्द ब्लेगव्हाडने लिहावयाचे होते. त्याला ते जमले नाहीत, म्हणून हॉजकिन्सननेच लिहिले. श्वापद म्हणजे भांडवलशाही. तिच्या पोटात राहून, तिचीच भाषा बोलून तिच्याविरुद्ध उभे कसे राहावयाचे, हा प्रश्न आहे. क्राउझेचा आवाज कधी कुजबुजतो, कधी काच फुटावी तसा फुटतो. शेवटी सर्व वाद्ये एका संथ, मिरवणुकीच्या चालीवर येतात. एवढ्या वळणांनंतर ती सरळ चाल येते तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलो होतो, हे कबूल करावयास हरकत नाही.

आणि येथेच आमचे आणि त्यांचे भांडण आहे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांची गाणी ऐकणारा कामगार दुसऱ्या दिवशी ती स्वतः म्हणत असे. गाणे तोंडात बसले म्हणजे ते त्याचे झाले. हेन्री काउचे गाणे कोणाच्याही तोंडात बसत नाही. शब्द कामगाराच्या बाजूचे, पण चाल विद्यापीठातल्या माणसाची. मग हे कोणासाठी? त्यांचा युक्तिवाद असा की बाजारी गाण्याची चाल उसनी घेऊन तीत क्रांतीचे शब्द भरले तर ऐकण्याची सवय जुनीच राहते, आणि जुनी सवय जुनाच माणूस घडविते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो संपूर्णही नाही. इंग्लंडात त्यांना कार्यक्रम मिळेनासे झाले, हे विसरून कसे चालेल?

त्यांना आसरा दिला तो युरोपच्या भूमीने, विशेषतः इटलीने. जून 1975 मध्ये रोमच्या पियात्सा नाव्होना या चौकात त्यांनी रॉबर्ट वायट या गायकासह खुला कार्यक्रम केला. पुढे इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राच्या नावाने गावोगाव भरणाऱ्या जत्रांमधून ते वाजवू लागले. तेथे तिकीट काढून आलेला रसिक नसे. पोरेबाळे घेऊन जेवावयास आलेली माणसे असत. अशा माणसांनी हे अवघड संगीत ऐकून घेतले. तेव्हा आमच्या आक्षेपाला काही अंशी उत्तर इटलीतल्या या श्रोत्यांनीच दिले आहे, हे आम्ही मान्य करतो.

एका जुन्या बसमध्ये मंडळी राहत, त्यातच फिरत. ध्वनिक्षेपणाची यंत्रे स्वतःच्या मालकीची. ध्वनीची बाजू सांभाळणारे आणि सामान वाहणारे यांना सभेत बोलण्याचा हक्क होता, आणि वेतन सारखे. 1976 साली ग्रीव्हज गेल्यावर जॉर्जिना बॉर्न ही चेलो आणि बेस वाजविणारी तरुणी आली. सहा वादकांत तीन स्त्रिया झाल्या. त्या काळच्या रॉकमध्ये स्त्री म्हणजे पुढे उभी राहून गाणारी, एवढेच स्थान होते. पण सभेत सारखा हक्क असला म्हणजे आवाज सारखा ऐकला जातो, असे नाही. 1977 साली कूपरने इतर वादिकांसह फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप हे केवळ स्त्रियांचे मंडळ उभे केले. आमच्या संघटनांतही स्त्रियांनी स्वतःची बैठक निराळी का बोलावली, याचे उत्तर पुरुष पदाधिकाऱ्यांनी फार काळ टाळले आहे.

त्याच वर्षी माइक वेस्टब्रुक यांचे पितळी वाद्यांचे पथक आणि लोकगीते गाणारी फ्रँकी आर्मस्ट्राँग यांच्याशी मिळून त्यांनी ‘ऑर्केस्ट्रा’ नावाचा मोठा मेळ केला. येथे निदान लोकांच्या तोंडातली गाणी होती. त्याची स्टुडिओतली तबकडी झाली नाही, ही हळहळ आहे.

व्हर्जिनशी संबंध 1977 साली संपले. त्याच वर्षी त्या कंपनीने सेक्स पिस्टल्स या पंक मंडळाशी करार केला होता. बंडाचा बाजारभाव बदलला होता, एवढेच. मग कटलर आणि मंडळींनी संघटकाला शोभेल असा मार्ग घेतला. ठिकठिकाणी हिंडताना त्यांना आपल्यासारखीच, कंपन्यांनी दारातून परतविलेली मंडळे भेटली होती. 12 मार्च 1978 रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरात त्यांनी पाच देशांची पाच मंडळे एकत्र आणली : स्वतः हेन्री काउ, इटलीचे स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचे साम्ला मामास मान्ना, बेल्जियमचे युनिव्हर झेरो आणि फ्रान्सचे एत्रों फू लेलुब्लाँ. नाव दिले ‘रॉक इन ऑपोझिशन’, विरोधी पक्षातला रॉक. पुढे आणखी काही मंडळे सामील झाली, 1979 साली मिलानला मेळावा झाला, आणि संघटना म्हणून ती थोड्याच काळात विरली. पण कटलरने 1978 मध्येच काढलेले रेकमेंडेड रेकर्ड्स हे तबकड्या छापण्या-विकण्याचे स्वतंत्र केंद्र टिकले. परिषदेपेक्षा वखार अधिक काळ जगते, हा अनुभव आम्हांलाही आहे.

या सर्व गडबडीत मंडळ आतून मोडले होते. जानेवारी 1978 मध्ये ते स्वित्झर्लंडमधील किर्चबर्ग येथे नवी तबकडी मुद्रित करावयास गेले. फ्रिथ आणि कटलर यांनी लहान लहान गाणी आणली होती. हॉजकिन्सन आणि कूपर यांचे म्हणणे पडले की ही गाणी म्हणजे हेन्री काउ नव्हे. कोणीही बहुमताने दुसऱ्याला चिरडले नाही. तोड अशी निघाली की गाणी फ्रिथ, कटलर आणि क्राउझे यांनी ‘आर्ट बेअर्स’ या नव्या नावाने काढावी. हेन्री काउने शब्दांवाचूनची एक शेवटची तबकडी करावी, आणि मग मंडळ विसर्जित करावे. सहा महिने हा निर्णय त्यांनी गाजावाजा न करता पोटात ठेवला आणि ठरलेले कार्यक्रम पुरे केले. 25 जुलै 1978 रोजी मिलानच्या कॅथेड्रलसमोरील चौकात अखेरचा कार्यक्रम झाला. त्यानंतर ‘वेस्टर्न कल्चर’ ही तबकडी पुरी केली : एक बाजू हॉजकिन्सनची, एक कूपरची. मोज्याच्या जागी विळाहातोडा. आमच्या मते ही त्यांची सर्वांत घट्ट विणलेली तबकडी. फुटलेल्या घरातल्या माणसांनी वाटणीपूर्वी मिळून काढलेले हे शेवटचे पीक आहे, हे ठाऊक नसेल तर ऐकून ओळखता येणार नाही.

मंडळ का मोडले, याची चर्चा 2019 साली बेंजामिन पीकट या अमेरिकन अभ्यासकाने जाड ग्रंथात केली आहे. आम्हांला दिसते ते असे. त्यांनी प्रत्येक गोष्ट सभेपुढे ठेवली : पैसा, जेवण, प्रवास, प्रेमाची प्रकरणे, कोणता सूर राजकीय दृष्ट्या योग्य. दिवसभर बसमधून प्रवास, संध्याकाळी दोन तास जीव टांगणीला लावणारे वादन, आणि रात्री सभा. संघटनेत आम्ही निदान घरी जात होतो. बरे, सभेत पैसा समान वाटता येतो, काम समान वाटता येते. पण पुढचे संगीत कसे असावे हे वाटून घेता येत नाही. ते कोणाच्या तरी एकाच्या डोक्यात प्रथम येते, आणि ज्याच्या डोक्यात येते त्याचे वजन वाढते. यावर उपाय त्यांना सापडला नाही. आम्हांलाही सांगता येणार नाही.

पुढे फ्रिथ, हॉजकिन्सन आणि कटलर आपापल्या वाटेने वाजवीत राहिले. जॉर्जिना बॉर्न मानववंशशास्त्राची नामांकित अभ्यासक झाली आणि संगीतसंस्था व प्रसारणसंस्था यांच्या अंतर्गत कारभारावर तिने ग्रंथ लिहिले. तशा सभा बसमध्ये बसून पाहिलेल्या माणसाला तो विषय सुचावा यात नवल नाही. लिंडसे कूपरला मज्जासंस्थेच्या दुखण्याने गाठले. मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या रोगाचे नाव. तरीही तिने 1987 साली शीतयुद्धावर ‘ओ मॉस्को’ ही गीतमाला रचली आणि पुढेही काही वर्षे ती रचना करीत राहिली. अखेर हातांनी वाद्य सोडले. सप्टेंबर 2013 मध्ये ती वारली.

नोव्हेंबर 2014 मध्ये लंडन, हडर्सफील्ड आणि इटलीतील फोर्ली येथे तिच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाले. छत्तीस वर्षांनी जुने सोबती त्या नावाने एकत्र बसले आणि तिच्या रचना वाजविल्या. तिच्या बॅसूनच्या जागी मिशेल बेर्कमान्स होते, 1978 साली विरोधी पक्षातल्या त्या पहिल्या मेळाव्याला बेल्जियमहून आलेल्या युनिव्हर झेरो मंडळाचे बॅसूनवादक.